ब्लॉगवर जाहिराती लावायच्यात? आधी वाचकाची वाट मोकळी ठेवा

कोकणात ब्लॉग लिहिणारी माणसं आता बरीच झालीत आणि ते बघून खरंच बरं वाटतं. कोणी मालवणी रेसिपी लिहितंय, कोणी जलदुर्गांवर, कोणी आंबा-काजूच्या बागेबद्दल, आणि कोणी नुसती गावची माहिती देतंय, म्हणजे फेरीबोट किती वाजता, शिमग्याची पालखी कधी, एसटी कुठून सुटते. मग वर्षभराने डोमेन नि होस्टिंगचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नि जागेचं, बिल परत येतं आणि सगळ्यांना तोच प्रश्न पडतो, की खिशातून किती दिवस भरायचं, जाहिराती लावू का, आणि लावल्या तर लोक वैतागून यायचे बंद होतील का.

माझं मत सरळ आहे. मराठी वाचकाला जाहिरातीचं वावडं नाहीये. दिवाळी अंकात सराफांच्या, पतपेढ्यांच्या, मसाल्यांच्या पानभर जाहिराती असतात, आपण त्या चाळतो, काही तर नीट वाचतो, त्यावरून कोणी अंक टाकून दिलाय असं मी बघितलेलं नाही. वाचक चिडतो ते मध्ये कडमडल्यावर. तो जे शोधत आलाय ते हातात पडायच्या आधी काही आडवं आलं की त्याचं डोकं फिरतं, आणि तेच त्याचं काम झाल्यावर किंवा तो जिथे तसाही क्षणभर थांबतो तिथे जाहिरात दिसली तर त्याला काही वाटत नाही. म्हणून जाहिरात लावताना आधी हे ठरवायचं की या पानावर माणूस कशासाठी आलाय आणि ते त्याला कुठे मिळतं. जागा, आकार, दर हे सगळं त्याच्या नंतर.

धक्क्यावर उभा असलेला वाचक

दाभोळचा धक्का डोळ्यासमोर आणा. मे महिना, भर दुपार, एक कुटुंब गाडी घेऊन उभं आहे, वाशिष्ठी ओलांडून पलीकडे धोपाव्याला उतरायचं नि तिथून गुहागरला जायचं. मोबाइलला रेंजची एक दांडी. ताई शोधतात, 'दाभोळ धोपावे फेरीबोट वेळ', तुमचा ब्लॉग वर दिसतो, त्या उघडतात. आधी पान नुसतं पांढरं. मग शीर्षक. मग वेळापत्रकाची पहिली ओळ दिसते, ताई अंगठ्याने पान वर सरकवायला जातात आणि नेमक्या त्याच वेळी वरून एक जाहिरात येऊन बसते, सगळा मजकूर खाली ढकलला जातो, अंगठा पडतो जाहिरातीवर आणि कुठल्यातरी कर्जाच्या अ‍ॅपचं पान उघडतं. मागे जायचं बटण दाबलं तर तुमचं पान परत पहिल्यापासून लोड व्हायला लागतं. तोवर बोट लागते, ताई फोन बॅगेत टाकतात आणि धक्क्यावरच्या माणसाला विचारून मोकळ्या होतात.

तुम्हाला यात काय मिळालं? त्या क्लिकचे पैसे मिळतीलच असंही नाही, कारण असे चुकून पडलेले क्लिक गूगल हुडकून काढतं आणि कमाईतून वजा करतं. वाचक मात्र कायमचा गेला.

पान असं उडी मारतं त्याचं मोजमाप गूगलने ठरवून दिलंय, त्याला सीएलएस म्हणतात, आणि तो आकडा ०.१ किंवा त्याहून कमी पाहिजे. जाहिराती हे पान हलण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक, कारण मजकूर आधी येतो, जाहिरात मागाहून येते, आणि तिच्यासाठी जागा राखलेली नसेल तर ती मजकुराला ढकलून स्वतःची जागा करून घेते. यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो न केलेला बघितला की जीव तुटतो. ज्या ठिकाणी ३०० बाय २५० ची जाहिरात येणार आहे तिथे २५० पिक्सेल उंचीची जागा आधीच धरून ठेवायची, थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, त्या चौकटीला मिन-हाइट (कमीत कमी उंची) द्यायची, बास. जाहिरात उशिरा आली तरी मजकूर जागचा हलत नाही, आणि अजिबात आलीच नाही तर थोडी मोकळी जागा दिसेल, त्याने कोणाचं काही अडत नाही.

अशीच आणखी दोन मोजमापं आहेत. एलसीपी म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला किती वेळ लागला, तो २.५ सेकंदांच्या आत पाहिजे. आयएनपी म्हणजे बोट लावल्यावर पान किती पटकन प्रतिसाद देतं, ते २०० मिलिसेकंदांच्या आत, हे मार्च २०२४ पासून लागू झालंय. चारपैकी निदान तीन भेटींमध्ये हे आकडे जमले तर पान चांगलं धरतात. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर पानाचा पत्ता टाकला की हे सगळं फुकट बघता येतं, फक्त मोबाइलचा टॅब बघा, कॉम्प्युटरचा आकडा बघून खूश होऊ नका. आपले वाचक दोन प्रकारचे असतात, एक मुंबईत वायफायवर बसलेला चाकरमानी आणि दुसरा घाटात नाहीतर खाडीकाठी एका दांडीवर लटकलेला. पान दुसऱ्यासाठी बनवलं की पहिल्याला ते आपोआप चालतं, उलटं होत नाही. त्यासाठी खालच्या जाहिराती लेझी लोड करायच्या, म्हणजे वाचक तिथवर सरकत आला की मगच त्या मागवल्या जातात. पाच जाहिराती एकदम मागवल्यात तर बिचाऱ्या वेळापत्रकालाच रांगेत उभं राहायला लागतं.

पैसे येतात कुठून

बहुतेक जण सुरुवात अ‍ॅडसेन्सने करतात. तुमच्या पानावर जाहिराती आणून देणारी ही गूगलची सेवा २००३ मध्ये सुरू झाली आणि मराठी मजकुराला ती चालते. संध्याकाळी हर्णै बंदरावर होड्या लागल्या की मासळीचा जसा लिलाव लागतो तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे तुमच्या पानावरची रिकामी जागा टोपलीत असते आणि लिलाव सेकंदाच्या एका तुकड्यात उरकतो. वाचकाने पान उघडलं की जाहिरातदारांची बोली लागते, ज्याची बोली नि जाहिरात मिळून वरचढ ठरते त्याची जाहिरात त्या वाचकाला दिसते. म्हणून तुम्हाला दिसलेली जाहिरात आणि तुमच्या आतेभावाला पुण्यात दिसलेली जाहिरात वेगळी असते, आणि तुम्ही ती एकेक निवडलेली नसते.

आधी क्लिक पडला की पैसे असा हिशोब होता, २०२४ पासून अ‍ॅडसेन्स मुख्यतः जाहिरात दिसल्याचे पैसे देतं. ही गोष्ट ब्लॉगवाल्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यामुळे वाचकाला फसवून क्लिक करायला लावायचं उरलंसुरलं कारणही संपलं. बटणाला खेटून जाहिरात ठेवायची, पुढचं पान या लिंकच्या बरोब्बर खाली ठेवायची, फोटोशेजारी अशी लावायची की ती फोटोचाच भाग वाटेल, हे नियमात बसत नाहीच. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आपल्या माणसाचा ब्लॉग आहे, सगळ्यांनी जाहिरातीवर क्लिक करा' असं लिहिणं तर थेट खातं बंद करून घेण्याचा रस्ता आहे. ग्रुपवरच्या लोकांचा हेतू चांगलाच असतो, पण गूगलला एकाच भागातून एकदम आलेले क्लिक दिसतात आणि तो अवैध ट्रॅफिक धरला जातो. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणं हेही त्यातच आलं.

आता किती मिळतात ते बघू, कारण इथे फार भ्रम असतात. पान एकदा उघडलं गेलं की तो एक पेज व्ह्यू, आणि हजार पेज व्ह्यूमागे किती कमाई झाली त्याला आरपीएम म्हणतात. समजा तुमच्या ब्लॉगला महिन्याला २०,००० पेज व्ह्यू आहेत आणि आरपीएम ४० रुपये आहे, तर महिन्याचे झाले ८०० रुपये. हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय, तुमचा कमी-जास्त असेल, पण मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा साधारण कमी बोली लागते हे धरून चला. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये जमेपर्यंत दहा-अकरा महिने. हा हिशोब समोर ठेवलात की एक गोष्ट लक्षात येते, दर महिन्याच्या ८०० चे ९५० करायला तुम्ही पानावर आणखी तीन जाहिराती कोंबणार असाल आणि त्यापायी दहा टक्के वाचक तुटणार असतील, तर तो सौदा आतबट्ट्याचा आहे. वाचक गेला की पुढचे सगळे महिने गेले.

किती आणि कुठे

जाहिरात किती झाली म्हणजे जास्त झाली, याला एक मोजता येण्यासारखं उत्तर आहे. २०१६ मध्ये जाहिरातदार, प्रकाशक आणि गूगलसारख्या कंपन्या मिळून कोअ‍ॅलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स नावाची संघटना उभी राहिली, त्यांनी लोकांना कुठल्या जाहिराती सगळ्यात जास्त त्रास देतात ते तपासून २०१७ मध्ये मानकं काढली. मोबाइलवर नको असलेल्या गोष्टी अशा: अंगावर येणारा पॉपअप, मजकुराच्या आधी पडदाभर उघडणारी जाहिरात, आपोआप आवाजासकट सुरू होणारा व्हिडिओ, लुकलुकणारी चित्रं, पडद्याचा ३० टक्क्यांहून जास्त भाग अडवून चिकटून राहणारी पट्टी, आणि एकूण मजकुराच्या ३० टक्क्यांहून जास्त उंची खाणाऱ्या जाहिराती. फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझरने हे मनावर घेतलं आणि जुलै २०१९ पासून जगभर लागू केलं. जी साइट वारंवार हे मोडते तिच्या नुसत्या त्रासदायक जाहिराती नाही, सगळ्याच जाहिराती क्रोम गाळून टाकू शकतो. आपल्याकडे किती जण मोबाइलवर क्रोम वापरतात ते तुम्हीच बघा.

ते ३० टक्क्यांचं गणित एकदा करून बघा, मजा येते. तुमच्या लेखाच्या भागाची उंची, म्हणजे वरची पट्टी, तळाची पट्टी आणि 'हेही वाचा' वगैरे सोडून, मोबाइलवर समजा ३,००० पिक्सेल आहे. २५० उंचीच्या तीन जाहिराती लावल्यात तर ७५० झाले, २५ टक्के, चाललं. चौथी लावलीत की १,००० झाले, ३३ टक्के, गेलात रेषेबाहेर. आता फेरीबोटीच्या वेळापत्रकाची पोस्ट घ्या, ती जेमतेम १,२०० पिक्सेल असणार. एक जाहिरात लावली तर २१ टक्के, दुसरी लावली की ४२. म्हणजे छोट्या पोस्टला एकच जाहिरात, यात वादाला जागाच नाही. आणि ही वरची मर्यादा आहे हं, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, मी स्वतः २० च्या आसपास थांबायला सांगतो.

पॉपअपबद्दल थोडं सांगतो. वेबवरची पहिली मोठी बॅनर जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी कंपनीची लागली, ४६८ बाय ६० पिक्सेलची एक पट्टी, पानाबरोबर गुपचूप बसलेली. पुढे नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या साइटवर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरातीसाठी वेगळी खिडकी उघडणारा कोड लिहिला, कारण एका गाडी कंपनीची जाहिरात नको त्या पानावर दिसली होती आणि जाहिरातदाराला त्या मजकुरापासून लांब ठेवायचं होतं. २०१४ मध्ये त्यांनी लेख लिहून जाहीर माफी मागितली. ज्याने पॉपअप जन्माला घातला त्यालाच तो नकोसा झाला, तर आपण रेसिपीच्या ब्लॉगवर तो कशाला हौसेने लावायचा?

आता जागा. नियम एकच धरा, वाचकाचं काम जिथे पुरं होतं किंवा तो जिथे दम घेतो ती जागा. फेरीच्या वेळापत्रकात पहिलं वेळापत्रक, मग तिकिटाचे दर, आणि त्याच्या खाली जाहिरात, कारण त्यापुढे 'पलीकडे गेल्यावर काय बघाल' हा सावकाश वाचायचा भाग सुरू होतो. रेसिपीत साहित्याची यादी आणि कृती यांच्यामध्ये जाहिरात बरी, कारण यादी वाचून माणूस फडताळाकडे बघतोच की कोकम आहे का नाही. पण कृतीच्या तिसऱ्या नि चौथ्या पायरीच्या मध्ये कधीच नको. तव्यावर बांगडे आहेत, हात तिरफळाच्या वाटणाने बरबटलेले, एका करंगळीने स्क्रीन सरकवणाऱ्या बाईला तिथे जाहिरात दिसली तर ती तुम्हाला काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. लांबलचक प्रवासवर्णन असेल तर एक उपविषय संपून दुसरा सुरू होतो तिथे, दोन फोटोंच्या मध्ये नाही.

पानाच्या अगदी डोक्यावर जाहिरात लावायचा मोह सगळ्यांना होतो. पण जाहिरात दिसली असं धरायला तिचा निदान अर्धा भाग किमान एक सेकंद पडद्यावर राहावा लागतो, हा जाहिरात धंद्यातला मान्य नियम आहे, आणि पानाच्या डोक्यावरून माणूस सर्रकन पुढे जातो. गूगलने २०१४ मध्ये स्वतःच्या जाहिरातींचा अभ्यास मांडला होता त्यातही सगळ्यात जास्त बघितली जाणारी जागा पानाच्या माथ्यावर नव्हे तर पहिल्या पडद्याच्या तळाला निघाली. वाचकाला बरं ते तुमच्या कमाईलाही बरं, असं इथे चक्क जमून येतं.

अ‍ॅडसेन्समधल्या ऑटो अ‍ॅड्सबद्दल एवढंच, की तो पर्याय चालू करून विसरून जाऊ नका. गूगल आपोआप जागा शोधून जाहिराती टाकतं, आणि त्याला बांगड्याचा तवा माहीत नसतो. सेटिंगमध्ये जाऊन व्हिनेट बंद करा, व्हिनेट म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पडदाभर उघडते ती. पडद्याच्या तळाला चिकटून राहणारी पट्टी ठेवायची तर बारीक ठेवा. जाहिरातींची संख्या कमी-जास्त करायची पट्टी असते ती डावीकडे ओढा, आणि नको त्या जागा वगळायची सोय आहे तीही वापरा. खरं तर छोट्या ब्लॉगने ऑटोच्या नादी न लागता हाताने दोन-तीन जागा ठरवाव्यात, तासाभराचं काम आहे.

दारात कोणाला उभं करायचं

जागा बरोबर असली तरी जाहिरात घाणेरडी असेल तर वाचक ब्लॉगवाल्यालाच बोल लावतो, आणि ते बरोबरच आहे. गावातल्या आजीने तुमच्या ब्लॉगवर गणपतीच्या आरत्या वाचायला उघडल्या आणि शेजारी करणी उतरवणाऱ्या बाबाची जाहिरात दिसली तर तिला ती तुमचीच शिफारस वाटते. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि जादूने रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर तर १९५४ पासून देशभर कायदा आहे. अ‍ॅडसेन्समध्ये संवेदनशील वर्गवाऱ्या बंद करायची सोय आहे, त्यात काळी जादू नि ज्योतिष, झटपट श्रीमंती, वजन कमी करणारी औषधं, अंगप्रदर्शन, डेटिंग असे वर्ग असतात. एकेकापुढचं बटण बंद करत जायचं. कमाई थोडी घटते, घटू दे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, त्यांच्या जाहिरातीवरसुद्धा, तेव्हा कोणी रमीवाला थेट मेल करून मोठी रक्कम देऊ करत असेल तर उत्तरही देऊ नका.

गावातल्या धंद्याची थेट जाहिरात

माझा खरा जीव इथे आहे. कोकणातल्या छोट्या ब्लॉगला अ‍ॅडसेन्सपेक्षा थेट जाहिरात जास्त शोभते, पैसेही जास्त देते आणि वाचकाला ती जाहिरात कमी, माहिती जास्त वाटते. तारकर्लीबद्दल वाचणाऱ्याला तिथलीच घरगुती राहण्या-जेवणाची सोय दिसली तर त्यात चिडण्यासारखं काय आहे? वरच्या हिशोबातले महिन्याचे ८०० रुपये आठवा, आणि आता धरा की दोन होमस्टेवाल्यांनी सीझनभर महिना ५०० रुपये प्रत्येकी दिले, झाले १,०००, ना शंभर डॉलरची वाट, ना पान जड. एक चित्र, ५० केबीच्या आतलं, एक फोन नंबर, एक लिंक. दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवरून काही यायचं नाही, त्यामुळे एका दांडीवरही पटकन उघडतं.

जागेवरून घासाघीस होतेच. तारकर्लीचे एक काका, खानावळ आणि चार खोल्या, मला म्हणाले, "पैसे देतंय मा, मगे माझी जायरात एकदम वर होयी." मी म्हटलं, "काका, वर लावली तर लोक सरकवन फुडे जातले. ऱ्हवाचा कुठे ता वाचून झाल्यावर लावतंय, थय लोक थांबतत." त्यांना पटलं, कारण त्यांच्या स्वतःच्या फोनवर पान उघडून दाखवलं. जाहिरातदाराला नेहमी मोबाइलवरच दाखवा, तोही वाचक होऊन बघतो.

आता यातला नाजूक भाग, पैसे घेतलेत तर तसं लिहा. जाहिरातीच्या चौकटीवर स्वच्छ 'जाहिरात' असं लिहायचं, मजकुराच्याच भाषेत, दिसेल एवढ्या अक्षरात. 'उपयोगी लिंक' किंवा 'आमची आवड' असलं काही नाही, अ‍ॅडसेन्सलाही तसली फसवी लेबलं चालत नाहीत. आणि होमस्टेवाल्याने दोन दिवस फुकट राहायला दिलं नि तुम्ही त्यावर छान पोस्ट लिहिली, तर तीही सांगायची गोष्ट आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवायला जाहिरात उद्योगाने स्वतःच बनवलेली एएससीआय ही संस्था १९८५ पासून मुंबईत आहे, तिने २०२१ मध्ये सोशल मीडियावरच्या इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले, त्यात पैशाइतकंच फुकट मिळालेल्या गोष्टीलाही महत्त्व आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलचे नियम जून २०२२ चे आहेत, दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी १३ डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या युक्त्यांची, यादी काढली, त्यात बातमी किंवा लेखाच्या सोंगातली छुपी जाहिरात आहेच. कायदा बाजूला ठेवला तरी साधं आहे, पोस्टच्या पहिल्याच ओळीत 'इथे राहायची सोय मालकांनी विनामूल्य केली होती' असं लिहिलंत की वाचक त्या हिशोबाने वाचतो आणि तुमच्यावरचा विश्वास उलट वाढतो. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंत तर लपवल्यासारखंच झालं. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला रेल इक्वल टू स्पॉन्सर्ड हा शिक्का कोडमध्ये लावायचा, ही सोय गूगलने २०१९ मध्ये दिली, नाहीतर शोधात तुमचं पान मागे पडू शकतं.

कोणाची जाहिरात घ्यायची यातही डोळे उघडे ठेवा. 'सी व्ह्यू एनए प्लॉट' (एनए म्हणजे बिगरशेती) वाले सगळ्यात जास्त पैसे देतात, कोकणात हे आता गल्लोगल्ली झालंय. नोंदणी लागणारा प्लॉटिंगचा प्रकल्प असेल तर जाहिरातीत महारेराचा, म्हणजे घर-जमिनीच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडसुद्धा. तो नसेल तर जाहिरात लावायचीच नाही, कितीही देवोत. तुमच्या ब्लॉगवर बघून मुंबईत राहणाऱ्या कोणा निवृत्त माणसाने फंडाचे पैसे अडकवले तर ते ओझं कोणी उचलायचं? आंब्याचंही तसंच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने विकणारे आहेतच. बागायतदाराला ओळखत असाल, बाग बघितली असेल, तरच त्याची पेटी तुमच्या पानावर.

आणि सीझन संपला की जाहिरात उतरवा. आंब्याची मार्च ते मे. जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, अशा वेळी स्कूबाची जाहिरात झळकत राहिली की वाचक फोन लावतो, पलीकडून 'आता नाय हो' ऐकतो आणि मग तुमच्या पानावरच्या बाकी माहितीवरही त्याचा भरवसा उरत नाही. जाहिरात लावतानाच उतरवायची तारीख ठरवून पावतीवर लिहा. त्या रिकाम्या जागेत पावसाळ्यात गणेशमूर्ती घडवणाऱ्या कार्यशाळा, चाकरमान्यांसाठी गाड्या, कोकम आगळ नि फणसपोळी करणारे बचतगट असे किती तरी जण मिळतात, नुसतं विचारावं लागतं.

बदल केलात तर तो मोजा, आणि एका वेळी एकच करा. एक जागा दोन आठवडे बंद ठेवून बघा, लोक पान किती खालपर्यंत वाचतात, दुसऱ्या पोस्टवर जातात का, परत येणारे किती, हे अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचकांची मोजदाद ठेवणाऱ्या साधनात, दिसतं. कमाई पाच टक्के घटली आणि परत येणारे वाढले तर ती जागा कायमची बंद. फक्त आपल्याकडे एक भानगड असते, मे महिन्यात पर्यटकांनी आकडे फुगतात आणि जुलैत पार बसतात, म्हणून मेची तुलना जुलैशी करू नका. गेल्या वर्षीच्या मेशी करा, आणि गणपतीचा पंधरवडा वेगळा काढा, कारण त्याची तारीख दर वर्षी सरकते.